पिवळ्या पानांचा प्रश्न

गच्चीवर बाग करणाऱ्यांचा आमचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. तिथे अधूनमधून कुणी नवा माणूस विचारतोच, "कढीपत्त्याची पानं पिवळी पडतायत, काय करू?" की लगेच एखादे जुनेजाणते सरसावतात. "शंभर वेळा झालंय हे. आधी मागचे मेसेज वाचा." आता नंतर आलेल्याला मागचे मेसेज सहसा दिसतच नाहीत, तो बिचारा वाचणार काय?

हा वैताग तसा जुना. यूजनेटच्या, म्हणजे इंटरनेटवरच्या जुन्या चर्चागटांच्या, काळात अमेरिकेतल्या विद्यापीठांमधली नवी पोरं दर सप्टेंबरात तिथे येऊन थडकायची. महिनाभर त्यांना वळण लावलं की पुढचं वर्ष निभायचं. १९९३ च्या सुमारास खासगी कंपन्यांनी आपल्या गिऱ्हाइकांना यूजनेट खुलं करायला सुरुवात केली, नवखे बारा महिने येऊ लागले, आणि जुन्यांनी त्याला नाव ठेवलं 'न संपणारा सप्टेंबर'. १९९५ मध्ये शिष्टाचाराची एक नियमावलीही निघाली, आरएफसी १८५५. गटात काही लिहिण्याआधी एक-दोन महिने नुसतं वाचत राहा, असं तीत सांगितलंय. सल्ला शहाणपणाचा आहे, पण तोवर कढीपत्त्याची काटकी व्हायची.

शिवाय तो प्रश्न काही दर वेळी तोच नसतो. खालची, जून पानं पिवळी पडत असतील तर नत्राची कमतरता असू शकते. कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या, तर बहुधा लोह. आणि पुष्कळदा कमी काहीच नसतं, पाणीच जास्त होतं. कुणी ताक घाला म्हणतं, कुणी कुंडी बदला. आमच्यातल्या एक काकू मात्र उलट विचारतात, "पाणी किती घालतोस? कुंडीखालचं भोक बुजलंय का, काडी घालून बघ बरं." थोड्या वेळाने चिखलाने माखलेल्या काडीचा फोटो येतो.

नव्यांपैकी गुलाबावर 'सुप्रभात' लिहून पाठवणाऱ्यांचं मला फारसं काही वाटत नाही. रोपांची जाहिरात करणाऱ्याला ॲडमिन बघून घेतात. डोक्यात जातात ते उत्तर मिळताच गायब होणारे. काकू बिचाऱ्या दोन-चारदा विचारतात, "काय झालं रे पुढे?" मेसेज वाचलेला दिसतो, उत्तर नाही. अरे, झाड जगलं की गेलं, एवढं कळवायला काय जातं?