देवीच्या भीतीचा सिनेमा करताना

अंगात येण्यावरची शॉर्टफिल्म लिहायला घेतली, तेव्हा टीममध्ये सगळ्यांच्या तोंडी आधी ‘द एक्झॉर्सिस्ट’ आला. 1973 च्या त्या सिनेमासाठी विल्यम फ्रीडकिनने बेडरूमचा सेट इतका गारठवला होता की नटांच्या तोंडातून खरोखरची वाफ निघते. पण तिथे मुलीच्या अंगात सैतान शिरलाय आणि त्याला हाकलायचंय. आमच्या गोष्टीतल्या घराला तर देवी यायलाच हवी आहे. धाकट्या सुनेपुढे ओट्या घेऊन रांग लागते, आणि तिला ‘मला बरं वाटत नाहीये’ एवढंही म्हणायची सोय उरत नाही.

वाट दाखवली ती सत्यजित राय यांच्या ‘देवी’ने (1960). सासऱ्याला स्वप्न पडतं आणि शर्मिला टागोरची दयामयी सुनेची देवी होऊन बसते. हार, धूप, मंत्र यांच्या गराड्यात तिची शुद्ध हरपते. भूत कुठेच नाही, तरी मी या सिनेमाइतका कशाने हादरलो नाही. कारण सासरा दुष्ट नाही, त्याची श्रद्धा अगदी खरी आहे. हे पटलं आणि पटकथेतला मांत्रिक मी काढूनच टाकला.

चेहऱ्यांसाठी डॅनिश दिग्दर्शक कार्ल ड्रायरची 1928 ची ‘द पॅशन ऑफ जोन ऑफ आर्क’ पुन्हा पुन्हा पाहिली. जोन झालेल्या फाल्कोनेत्तीच्या चेहऱ्यावर मेकअप नाही आणि कॅमेरा तिला सोडत नाही. आम्हीही नायिकेला फक्त मळवट भरला. दिव्यांच्या उष्णतेने तो वाळला, कपाळावर बारीक भेगा पडल्या, घामाचा एक ओघळ त्यातून वाट काढत भुवईपर्यंत आला. आम्ही तेवढंच टिपलं. पांढरे डोळे, मोकळे केस भिरकावणं, सगळं वगळलं.

सगळ्यात जास्त जीव खाल्ला तो आवाजाने. संबळ वाजवणाऱ्या गोंधळीकाकांनी आधीच सांगितलं, “शूटिंगसाठी आईला बोलावणार नाही. नुसता ठेका देतो.” मला ते मनापासून पटलं. म्हणून आवाहनाचे शब्द नाहीत, नुसता ठेका चढत जातो आणि मध्येच तुटतो. उरतो तिचा श्वास आणि बांगड्या. निर्मात्याला तिथे किंकाळी हवी होती. मिक्सिंगला दोन्ही करून पाहिलं. किंकाळीला स्टुडिओतली माणसं दचकली आणि लगेच सैलावली. किंकाळी वगळली तर कोणी हललं नाही, कारण तेवढ्यात रांगेतला पुढचा माणूस तिच्यापुढे बसतो आणि बांधाच्या भांडणाचा कौल मागतो. तेच ठेवलं.