मुकुंदवाडीला गाडी थांबली नाही

बुधवार, रात्री दहा

सकाळची पॅसेंजर हुकली. दोष माझाच, पोळ्यांच्या नादात घड्याळाकडं बघितलं नाही. मागून येणाऱ्या एक्स्प्रेसच्या जनरल डब्यात कसाबसा पाय टेकवला. अपडाउन करणाऱ्या प्रत्येकाला या गाडीची गोम ठाऊक आहे: जालना सोडलं की थेट संभाजीनगर.

बदनापूर, करमाड, चिकलठाणा मागं पडलं आणि संभाजीनगरच्या अलीकडच्या मुकुंदवाडीचा फलाट खिडकीपुढून सरकत गेला. घरांच्या पलीकडं आमच्या ऑफिसच्या गच्चीवरची काळी टाकी स्वच्छ दिसली. दहाला वीस मिनिटं कमी होती. ऑफिस डोळ्यांपुढून निघून चाललंय आणि आपण दारात लटकून बघतोय! शेजारचे काका म्हणाले, "उडी मारता का काय, ताई?" एरवी हसले असते.

मोठ्या स्टेशनाबाहेर नेहमीचीच ओरड, "क्रांती चौक, क्रांती चौक!" शेअरिंग रिक्षात मागं आम्ही चौघी, पुढं ड्रायव्हरला खेटून दोघं. क्रांती चौकात उतरून दुसरी रिक्षा. मोंढा नाका, आकाशवाणी, सेव्हन हिल्स, सिडको, प्रत्येक सिग्नलला सलाम करत जालना रोडनं पुन्हा उलटं, जिकडून आले तिकडंच. बासष्ट-त्रेसष्ट किलोमीटर रेल्वेनं तासाभरात आणलं, आणि पुढच्या एवढ्याशा तुकड्यानं पाऊण तास खाल्ला. रिक्षाला चाळीस रुपये गेले ते वेगळेच. लेटमार्क लागला.

मुकुंदवाडीला उतरलं की असं होत नाही. फलाटावरून गल्लीबोळ धरायचे, किराणा दुकान, पिठाची गिरणी, पंधरा मिनिटांत जालना रोड. चिकलठाण्याच्या एमआयडीसीत जाणारी पोरं, सिडकोतल्या नर्सा, आमच्यासारखी कारकून मंडळी, सगळी तिथंच उतरतात. लोक याला स्टेशन म्हणतच नाहीत, "मुकुंदवाडीला उतरतो" एवढंच म्हणतात. पण थांबणाऱ्या गाड्या मोजक्याच, आणि त्यांच्यावर आमची अख्खी दिनचर्या टांगलेली.

लाइन अजून एकेरी. समोरून गाडी आली की आमची करमाडला नाहीतर बदनापूरला क्रॉसिंगला उभी. म्हणून ग्रुपवर सकाळी सहापासून निरोप सुरू होतात, "सेलू सुटली", "परतूर आलं". गाडी रांजणीला आल्याचं वाचलं की मी चपला घालते. आज तो मेसेज वाचलाच नाही, हात पिठात होते.

2025 मध्ये संभाजीनगरपासून परभणीपर्यंतच्या 177 किलोमीटर दुहेरीकरणाला मंजुरी मिळाली तेव्हा डब्यात कुणीतरी पेढे वाटले. माझ्या वडलांनी निजामाच्या काळात टाकलेली अरुंद मीटरगेज लाइन पाहिली. मनमाडला उतरून, गाठोडी डोक्यावर घेऊन मोठ्या लाइनची गाडी धरायची, हे ते अजून रंगवून सांगतात. मग आंदोलनं झाली, नव्वदच्या दशकात रुंदीकरण झालं. पेढ्यांची बातमी सांगितल्यावर म्हणाले, "आता तुझ्या रिटायरमेंटपर्यंत होईल बघ." वडलांचा आशावाद हा असाच असतो.

संध्याकाळी ठरवलं, आज एसटी. सिडको स्टँडवरून जालन्याच्या बस सुटत राहतात, आणि 2023 च्या मार्चपासून बायकांना अर्धं तिकीट. तेव्हापासून आमच्या डब्यातल्या दोघी-तिघी कायमच्या एसटीवाल्या झाल्या. मला मात्र पासच परवडतो, महिन्याच्या हिशोबात तो स्वस्तच. शिवाय रेल्वेत पाय लांब करता येतात, एसटीत गुडघे पुढच्या सीटला घासतात. आज तेही सोसलं. चिकलठाण्याच्या विमानतळापाशी ट्रॅफिकमध्ये अडकलो, वर एक विमान खाली उतरत होतं. त्याला बरं, थांबा पक्का.

घरी यायला साडेआठ. सासूबाईंनी खिचडी टाकली होती. काही विचारलं नाही, चेहऱ्यावरूनच कळलं असावं.

उद्याची कणीक आत्ताच मळून फ्रीजमध्ये ठेवली आहे. मोबाईल उशाशी, आवाज मोठा करून.