कमी आवाजातले मेटल

हेवी मेटल या दणदणीत रॉक संगीताच्या कार्यक्रमाचे चित्रीकरण आवाज कमी ठेवून पाहावे, असे मी म्हणतो तेव्हा या संगीताचे जाणते चाहते माझ्याकडे दयेने पाहतात, आणि ज्यांना हे संगीत मुळीच सोसत नाही ते आवाज पूर्णच बंद करण्याचा सल्ला देतात. पण सांगलीच्या गावभागात, जिथे आपली भिंत ही शेजाऱ्याचीही भिंत असते, रात्री साडेदहानंतर दुसरा इलाजच नाही. नाइलाजाने लागलेली ही सवय आता मला हे संगीत पाहण्याची एक चांगली रीत वाटू लागली आहे. मैदानात उभ्या असलेल्या माणसाच्या छातीवर जो आवाज आदळतो, तो त्याला विचार करू देत नाही, आणि तिथे त्याने विचार करावा अशी कोणाची अपेक्षाही नसते. घरी मात्र आवाज आटोक्यात आला की डोळे मोकळे होतात, आणि गोंगाट म्हणून ज्याची हेटाळणी होते त्यामागची काटेकोर अंगमेहनत दिसू लागते.

आयर्न मेडन या इंग्लिश बँडच्या दोन चित्रीकरणांवर माझा विशेष जीव आहे. पहिले मार्च १९८५ मधले, कॅलिफोर्नियातल्या लाँग बीचचे, आणि दुसरे १९ जानेवारी २००१ रोजी रिओ द जानेरोत अफाट जनसमुदायासमोर झालेल्या कार्यक्रमाचे. लाँग बीचला प्राचीन इजिप्तच्या थाटाचे नेपथ्य आहे, चित्राला जुनाट धूसरपणा आहे, पण कॅमेरा माणसावर थांबतो. रिओचे संकलन बँडचा बास गिटार वाजवणारा स्टीव्ह हॅरिस याने स्वतः केले, आणि इतका मोठा वादक असूनही प्रेक्षकाला वादकाचे हात पाहायचे असतात हे त्याच्या कसे लक्षात आले नाही याचे मला नवल वाटते. गिटारच्या मानेवर बोटे कुठे चालली आहेत हे कळू लागते न लागते तोच दृश्य बदलते; मग गर्दी, मग झेंडा, मग पुन्हा गर्दी. तीन गिटारवादक रंगमंचावर असताना एकल वादन कोण करतो आहे हे शोधण्यातच अर्धे एकल संपून जाते.

तरीही हॅरिसचा उजवा हात जेवढा दिसतो तेवढा पाहण्यासारखाच आहे. तारा छेडण्याची पिक, म्हणजे छोटी चकती, न वापरता तो बोटांनीच वाजवतो, आणि एक लांब व दोन आखूड स्वरांची जी घोडदौड या बँडची ओळख झाली आहे, ती त्या बोटांतून मिनिटामागून मिनिटे अखंड निघत राहते. मोठ्या आवाजात ही दौड नुसती अंगावर येते; कमी आवाजात मात्र मनगट जवळजवळ स्थिर आहे आणि काम बोटांच्या टोकांकडे आहे हे ध्यानात येते. शिवाय हा गृहस्थ स्वतः गायक नसताना गाण्यातला शब्दन् शब्द ओठांनी म्हणत असतो, जणू समोरच्या हजारो लोकांतलाच तो एक आहे.

आमच्या शेजारचे काका कुपवाड एमआयडीसीतल्या प्रेस शॉपमधून, म्हणजे यंत्राने पत्रा दाबण्याच्या विभागातून, निवृत्त झाले असून गेली कित्येक वर्षे भजनी मंडळात पखवाज वाजवतात. एकदा क्रिकेटचा सामना पावसाने थांबला म्हणून मी वाहिनी बदलून यातलेच एक चित्रीकरण लावले आणि ते उठले नाहीत. त्यांचे लक्ष गायकाकडे किंवा धुराकडे गेलेच नाही. ते थेट ड्रमवर खिळले. निको मॅकब्रेन हा ड्रमवादक अनवाणी वाजवतो, आणि या संगीतात मोठ्या ढोलाला दोन पेडल लावण्याची सर्रास पद्धत असताना तो एकाच पेडलवर एकाच पायाने सगळे काम भागवतो, असे मी सांगितले तेव्हा काकांनी चष्मा पुसला. “म्हणजे डाव्या हाताचं काम पायाकडं दिलंय,” ते म्हणाले. “आणि पायाला थाप कळायची तर चप्पल नकोच.” या बँडविषयी मी आजवर पुष्कळ वाचले आहे, परंतु इतके नेमके बोललेला समीक्षक मला भेटलेला नाही.

त्यांना मग मी ब्लॅक सॅबथ या दुसऱ्या इंग्लिश बँडचा बर्मिंगहॅममधला ४ फेब्रुवारी २०१७ चा कार्यक्रम दाखवला. टोनी आयोमी हा डावखुरा गिटारवादक. त्यामुळे तारा दाबण्याचे काम उजव्या हाताकडे. कॅमेरा त्या हाताजवळ गेला की मधल्या दोन बोटांच्या शेंड्यांवर टोप्या बसवलेल्या दिसतात. मी काही बोलण्यापूर्वीच काका म्हणाले, “बोटं गेलीत याची. मशिनवर गेलीत.” अनुमान अचूक होते. १९६५ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, पत्र्याच्या कारखान्यातल्या नोकरीच्या शेवटच्या दिवशी आयोमीच्या बोटांचे शेंडे यंत्रात गेले. त्या दुपारी जेवायला घरी आल्यावर परत जाऊ नये असे त्याच्या मनात होते. आईने मात्र दिवस पुरा करून ये म्हणून पाठवले, असे त्याने स्वतःच सांगितले आहे. पुढे त्याने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या केल्या, त्यांवर चामडे लावले, गिटारला हलक्या तारा चढवल्या आणि काही वर्षांनी त्या सैल करून खालच्या स्वरांत लावायला सुरुवात केली. ताणलेली तार दाबणे त्या बोटांना जड जात होते, एवढे साधे कारण त्यामागे होते. त्या खाली उतरलेल्या स्वरांतून जो जडपणा आला, तो पुढे जगभरच्या मेटल बँडनी धडधाकट बोटांनी उचलला.

काका बराच वेळ त्या टोप्यांकडेच पाहत होते. नुकसानभरपाई मिळाली का, असे त्यांनी विचारले. त्याच्या फोरमनने त्याला जँगो राइनहार्ट या दोन बोटांवर अवघे वादन उभे करणाऱ्या गिटारवादकाची तबकडी आणून ऐकवली होती, इतके मी सांगू शकलो. “फोरमन बरा होता म्हणायचा,” काका म्हणाले.

घरी बसून पाहणाऱ्याला एक तोटाही सोसावा लागतो. कार्यक्रम संपल्यासारखा करून बँड आत जातो, दिवे मालवतात, हजारो माणसे ओरडून त्यांना परत बोलावतात; आणि त्या वेळी आपल्या पडद्याच्या तळाशी अजून वीस मिनिटे शिल्लक असल्याचे स्वच्छ दिसत असते. परत येण्याचे आधीच ठरलेले असते हे मैदानातल्या लोकांनाही ठाऊक असते म्हणा, पण त्यांच्यासमोर मिनिटे मोजणारी पट्टी नसते. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये जिथे नाटक उभे केले त्या सांगलीत वाढलेल्या माणसाला हा प्रकार जरा उलटाच वाटतो, कारण संगीत नाटकातला वन्समोअर भर प्रवेशात येत असे आणि कथानक खुशाल खोळंबत असे. मेटलचा वन्समोअर वेळापत्रकात बसवलेला आहे. मला विचाराल तर भाव्यांच्या गावची पद्धत अधिक प्रामाणिक आणि अधिक गैरसोयीची होती.

प्रामाणिकपणाचा विषय निघालाच आहे तर ध्वनिमुद्रणांचेही सांगायला हवे. जुडास प्रीस्ट या मेटल बँडने १९७९ मध्ये टोकियोत केलेल्या मैफलींचा अल्बम प्रत्यक्ष ध्वनिमुद्रणाचा नमुना म्हणून गाजला, पण त्यातला गायकाचा आवाज नंतर स्टुडिओत पुन्हा गाऊन घेतलेला आहे. मला त्याचा राग येत नाही. मात्र तेव्हापासून चित्रीकरण पाहताना मी गायकाच्या गळ्याच्या शिरांकडे पाहतो. शीर ताठ झाली आणि स्वर त्याच क्षणी आला तर निदान त्या ओळीपुरता विश्वास ठेवायला हरकत नसते. आयर्न मेडनचा गायक ब्रूस डिकिन्सन या कसोटीला बहुतेक वेळा उतरतो. धावत येऊन, मंचावरच्या उतरणीवरून उडी मारून तो पुढची ओळ उचलतो तेव्हा श्वास कुठे घेतला हे माझ्या आईलाही सापडत नाही, आणि तिने नाट्यसंगीताच्या स्पर्धांत बक्षिसे घेतलेली आहेत.

गेल्या रविवारी बोलता बोलता मी काकांना सांगितले की तो अनवाणी वाजवणारा मॅकब्रेन २०२३ मध्ये पक्षाघाताचा झटका येऊनही पुन्हा उभा राहिला आणि डिसेंबर २०२४ मध्ये, बहात्तराव्या वर्षी, त्याने बँडबरोबरचे दौरे थांबवले. काकांनी मान हलवली. स्वतःच्या गुडघ्यावरून हात फिरवत त्यांनी विचारले, “मग पखवाजाला आता कोण बसतंय?”

सायमन डॉसन म्हणून एक जण आहे, असे मी म्हणालो.

“त्याचं लाव की एखादं,” काका म्हणाले. “पाय दिसेल असं.”