शिवसागरावरची ‘जुळ्या इंजिनांची’ बोट बघायला जाणार असाल तर

अंग दुखतंय आणि डोकं तापलंय तोवर लिहून टाकतो. शिवसागराच्या, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाच्या, पलीकडच्या काठावर एक जुनी केबिन क्रूझर (आत खोली असलेली मोटारबोट) विकायला आहे, हे साताऱ्यात बऱ्याच जणांच्या कानावर गेलंय. इंग्लंडात बांधलेली, सत्तरच्या दशकातली, 30 फुटी फायबरची. “जुळी पर्किन्स डिझेल इंजिनं, दोन्ही नुकतीच ओव्हरहॉल, फक्त पाण्यात सोडायची बाकी.” यातलं फायबर तेवढं पूर्ण खरं निघालं.

यवतेश्वर-कास-बामणोली रस्त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. कासच्या फुलांच्या दिवसांत शनिवार-रविवार टाळा, एवढंच. बामणोलीतून लाँच घ्यावी लागते. दराचा बोर्ड आहे, पण तो ठरावीक ठिकाणांचा. “तुमचं काम वेगळं” असं म्हटलं की बोर्ड संपला. जाऊन-येऊन किती, थांबायचं किती, हे लाँचमध्ये पाय ठेवायच्या आधी बोलून घ्या. आमच्याकडून थांबण्याचे 1,200 रुपये वेगळे घेतले, तेही परतताना पाण्याच्या मधोमध.

आता खरा मुद्दा: चिखल. कोयना धरण भरलं की 105 टीएमसी पाणी, आणि तेच मे महिन्यात इतकं आत जातं की पूर्वीच्या काठापासून पाण्यापर्यंत उघडा उतार पडतो. वरून वाळलेला, भेगा पडलेला, अगदी शेतासारखा दिसतो. पाच पावलं टाकली की पोटरीपर्यंत आत. मध्येच बुडालेल्या झाडांचे खुंट. बूट आत राहतो आणि पाय वर येतो. हत्यारांची पेटी, बॅटरी आणि एक वजनदार मिस्त्री घेऊन हा उतार ओलांडायला आम्हाला जो वेळ लागला, त्यात बामणोलीहून साताऱ्याला जाऊन जेवून आलो असतो. मालक म्हणाले होते, “गाडी बोटीला लागते.” गाडी लागते ती ऑक्टोबरात, तीही बोट लोक ओढून काठाला लावतात तेव्हा. उन्हाळ्यात बोट बघायला जाऊच नका, मग किंमत कितीही पाडून देवोत. दसरा-दिवाळीनंतर जा. तेव्हा बोट तरंगत असते, आणि तरंगणारी बोट खोटं बोलत नाही.

ही मात्र चिखलात कलंडून पडली होती. “जमीन तिरकी आहे हो,” मालक. आमच्या आप्पांनी (कराडकडचे पंप-नोझलवाले, पन्नास वर्षं डिझेलमध्ये हात) काही न बोलता बोटीला एक फेरी मारली आणि शेवाळाच्या रेघेवर बोट ठेवलं. डावीकडची रेघ उजवीपेक्षा वीतभर वर. म्हणजे बोट पाण्यातही डावीकडेच झुकून उभी राहायची. जमिनीचा काय संबंध?

फळ्या उचलल्यावर उत्तर मिळालं. उजवीकडे खरंच पर्किन्स 4.108 होतं: चार सिलिंडर, 108 घनइंच, म्हणजे पावणेदोन लिटरच्या आसपास, साधारण 50 हॉर्सपॉवर, 4000 आरपीएमपर्यंत फिरणारं. डावीकडे ट्रॅक्टरचं तीन सिलिंडरचं जड इंजिन, निळा रंग फासून बसवलेलं, नंबरची पट्टी गायब. ट्रॅक्टरवाल्या मॅसी फर्ग्युसननं 1959 साली पर्किन्स विकत घेतली, तेव्हापासून दोन्ही घरचीच, असं मालकांचं म्हणणं. नातं असेल, पण जुळी नव्हेत! एक दोन-सव्वादोन हजार आरपीएममध्ये दम टाकतं, दुसरं त्याच्या जवळजवळ दुप्पट पळतं. दोन्ही एकदम चालवली की सुकाणू सतत एका बाजूला दाबून धरायचं.

आणि एक खूण लक्षात ठेवा. पोचल्या पोचल्या आप्पांनी उजव्या इंजिनाच्या ब्लॉकवर तळहात ठेवला. कोमट. आम्ही येणार म्हणून सकाळीच चालवून ठेवलं होतं. जुनं डिझेल थंड असताना कसं उठतं, हीच तर परीक्षा, म्हणून गार होईपर्यंत थांबलो. मग बराच वेळ सेल्फ मारल्यावर उठलं आणि पांढरा धूर थांबेना. ऑइलची काडी काढली तर ताकासारखं. ऑइलमध्ये पाणी. समुद्राच्या पाण्यावर थेट थंड होणाऱ्या इंजिनाची बोट मुंबईहून इथं आणली की मिठाचं काम आतून आधीच झालेलं असतं. इम्पेलरच्या (थंड करायचं पाणी ओढणाऱ्या पंपातल्या रबरी चक्रीच्या) तीन पाती नव्हत्या. ते तुकडे पुढच्या नळ्यांत अडकलेले असणार, म्हणजे नुसता नवा इम्पेलर टाकून भागत नाही.

माझं मत स्पष्ट आहे. शिवसागरासाठी दोन इंजिनं हवीतच कशाला? एक डिझेल, हीट एक्स्चेंजरवर (बाहेरचं पाणी ब्लॉकमध्ये न घेता) थंड होणारं, पंख्यापर्यंत सरळ शाफ्टचं. स्टर्नड्राइव्ह (इंजिन आत, पंख्याचा पाय मागच्या भिंतीबाहेर) नको. त्याचे रबरी बेलोज (भात्यासारखी आवरणं) फाटले की पाणी आत, आणि बांधलेली बोटही रात्रीत बुडू शकते. पेट्रोल इनबोर्ड (बोटीच्या आत बसवलेलं पेट्रोल इंजिन) तर फुकट दिलं तरी नको. त्याची वाफ तळाशी साचते, ती बाहेर फेकणारा ब्लोअर चालवल्याशिवाय चावी फिरवायची नाही, आणि आपल्याकडे त्यावर गाडीचा सेल्फ-अल्टरनेटर बसवणारे महाभाग आहेत. ठिणगी उडायला तेवढं पुरे. पाणी साडेसहाशे मीटर उंचीवर आहे, टर्बो नसेल तर पाच-सहा टक्के ताकद जाणारच, ती धरून हिशेब करा. बोटीच्या धातूऐवजी स्वतः झिजणारे जस्ताचे अ‍ॅनोड समुद्रात ठीक, गोड्या पाण्यात मॅग्नेशियमचे लावा.

इंजिनाच्या बैठकीखालची लाकडं स्क्रू ड्रायव्हरनं टोचा. आमच्याकडे तो मुठीपर्यंत गेला. बुडावर लहान हातोडीनं टकटक करा. खणखणीत आवाज हवा, भद्द आला तर सोडा.

कागद म्हणून मालकांनी शंभराचा स्टॅम्प दाखवला. 2021 च्या अंतर्देशीय जलयान कायद्याप्रमाणे नोंदणी आणि सर्व्हेचा दाखला मागा. वासोट्याच्या बाजूला कोयना अभयारण्य आहे, तिकडे वनखात्याच्या परवानगीशिवाय बोट नेता येत नाही, हेही कोणी आपण होऊन सांगत नाही.

तापोळ्याचा मुक्काम, जेवण वगैरे झकास झालं. त्यावर लिहायचं त्राण नाही.

मालकांनी आठ लाख सांगितले. आप्पांनी परतीच्या चिखलात हिशेब केला: 4.108 सुट्या भागांसाठी, दोन पितळी पंखे (प्रॉपेलर), दोरखंड, नांगर, मिळून लाखाच्या आत. त्यावर ओढून नेण्याचा खर्च तुमचा. जाणारच असाल तर मिस्त्री सोबत न्या, गमबूट नेऊ नका (चिखलात अडकतात), पट्ट्याचे सँडल घाला, आणि मालकांना येण्याची वेळ कळवू नका.