गिलावा राहिलेला राजवाडा

आई लंडनला आली तेव्हा तिला क्यू गार्डन्स बघायला नेलं, म्हटलं झाडांचं वेड आहे तर खूश होईल, तर बाईसाहेब झाडंबिडं सोडून तिथल्या क्यू पॅलेससमोर थबकल्या आणि म्हणाल्या, "हे काय रे, गिलावा करायचा राहिलाय का?" बरोबरच आहे, आपल्याकडे उघड्या विटांचं घर म्हणजे स्लॅब कसाबसा पडला आणि मालक आता पुढच्या उसाच्या बिलाची वाट बघतोय.

पॅलेस म्हणायचं, पण आहे एका व्यापाऱ्याचंच घर. फ्लेमिश, म्हणजे आजच्या बेल्जियमकडच्या, वंशाच्या सॅम्युअल फोर्ट्रीने १६३१ मध्ये बांधलेलं, माथ्यावर डच पद्धतीचे वळणदार गॅबल, म्हणजे छपराच्या टोकाला वर चढत गेलेल्या नक्षीदार भिंती, राजघराणं इथे आलं ते शंभरेक वर्षांनी. तिसऱ्या जॉर्जची राणी शार्लट १८१८ मध्ये इथेच वारली.

पण मी अडकलो विटांत. जवळून बघा, प्रत्येक थरात एक लांब वीट, एक आखूड, परत लांब, परत आखूड. आखूड म्हणजे तुकडा नाही हां, तीच वीट फिरवून तोंड बाहेर ठेवलेलं, बाकीची भिंतीच्या पोटात शिरते आणि पुढची मागची बाजू बांधून ठेवते. हा फ्लेमिश बाँड. इंग्लिश बाँडमध्ये अख्खा थर लांब विटांचा, त्यावर अख्खा आखूड तोंडांचा, सिव्हिलच्या डिप्लोमावाल्यांनी हे रट्टा मारून पाठ केलेलं असतं. दारावर नवराबायकोची आद्याक्षरं गाठीत गुंफून कोरलीत, सोबत साल. उखाण्यात नाव घ्यायच्या ऐवजी थेट दारावरच घेतलंय!

आणि तो लालभडक रंग, मी आपला "बघ काय भाजल्यात विटा" करत होतो. तर तो विटांचा नाहीच, डागडुजीच्या वेळी मूळ रंगाचे अंश सापडले म्हणून पुन्हा तसाच चुन्यात रेड ऑकर कालवून भिंतींना दिलाय. मी आईला ऑकर म्हणजे एक प्रकारची माती वगैरे समजवायला लागलो.

"गेरू म्हण की सरळ," ती म्हणाली, आणि चष्मा वर करून भिंतीपाशी वाकली. "दोन हात दिलेत. एका हातात एवढा बसत नाही."

मग घरी येईपर्यंत एकच, माझ्या बाल्कनीतल्या कुंड्यांसाठी इथे गेरू कुठे मिळतो.