नळीच्या मागची तारीख

धाकटा पाच वर्षांचा असताना एका सकाळी डोळे सुजूनच उठला. आधी ज्यांना दाखवलं त्यांनी अॅलर्जीचं औषध दिलं, त्यात आठवडा गेला. पायावर दाबलेल्या बोटाचा खड्डा भरून येईना, तेव्हा विश्रामबागेतून रिक्षा करून मिरज गाठली. लघवीत प्रोटीन फोर प्लस, म्हणजे मोजणीतलं सगळ्यात जास्त. नेफ्रोटिक सिंड्रोम, मूत्रपिंडातून प्रोटीन गळण्याचा आजार.

मूत्रपिंड म्हणजे चाळणी, एवढं शाळेत शिकले होते. मग चाळणी बिघडली तर मुख्यतः अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रोटीनच का गळतं? डॉक्टर मॅडमनी केसपेपरच्या मागे चित्र काढलं. बीटा-टू मायक्रोग्लोब्युलिनसारखी बारीक प्रोटीनं तुमच्या-माझ्याही चाळणीतून खाली पडतात, पण पुढच्या नलिका ती परत उचलून घेतात. आयजीजी अँटिबॉडी, म्हणजे रोगाशी लढणारं प्रोटीन, अल्ब्युमिनच्या दुपटीहून जड, ती वरच अडकते. माझं माहेर तासगावचं. बेदाणा चाळताना लहानपणापासून बघितलाय, त्यामुळे इथवर लगेच समजलं.

पुढचं मात्र बेदाण्यात बसत नव्हतं. आपल्या चाळणीवर ऋण विद्युतभार असतो, अल्ब्युमिनवरही ऋणच, त्यामुळे ते मागे लोटलं जातं. शिवाय चाळणीला बाहेरून पेशींच्या बोटांची गुंफण असते, गाळलेलं पाणी त्या बोटांमधल्या फटींतून उतरतं. धाकट्याच्या आजारात ही बोटं चपटी होतात, भारही कमी होतो आणि अल्ब्युमिन निसटतं. रक्तात पाणी धरून ठेवायचं काम त्याचंच. ते घटलं की पाणी अंगात उतरतं, तीच सूज. दिवसाला 180 लिटरच्या आसपास गाळून मोठ्या माणसाच्या लघवीत 150 मिलिग्रॅमही प्रोटीन जात नाही, हे ऐकून मी त्या चित्राकडे बघतच राहिले.

स्टिरॉइड सुरू झालं, आणि घरची तपासणीही. सकाळची पहिली लघवी काचेच्या नळीत घ्यायची, सल्फोसॅलिसिलिक अॅसिडचे थेंब टाकायचे, प्रोटीन असलं की लघवी गढूळ होते, आणि नळी भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर धरायची. पहिले नऊ दिवस नळीत दही लागल्यासारखं व्हायचं, मागची तारीख दिसायचीच नाही. वहीत फोर प्लस लिहिताना हात जड व्हायचा. दहाव्या दिवशी आकड्याची कड दिसली. तेराव्या दिवशी धाकट्यानेच नळीतून बघून मोठ्याने वाचलं, "सतरा!"

सलग तीन दिवस निल आलं तेव्हा मॅडमना फोन केला.

पुढच्या पावसाळ्यात सर्दी झाली आणि पुन्हा थ्री प्लस. तेव्हापासून नळी स्वयंपाकघराच्या खिडकीतच असते, धुऊन, उपडी घातलेली.