कोइम्बतूर ते गुवाहाटी: अंतर, वेळ आणि मधला थांबा

बाबांना घेऊन कोइम्बतूरहून गुवाहाटीला जायचं ठरलं, तेव्हा मला सगळ्यात आधी हवं होतं ते दारापासून दारापर्यंतच्या वेळेचं उत्तर. त्यांचे गुडघे फार वेळ बसू देत नाहीत. कन्याकुमारी ते दिब्रुगड धावणारी विवेक एक्सप्रेस दोन्ही शहरांतून जाते, पण एवढे दिवस डब्यात बसणं त्यांना झेपणारं नव्हतंच.

दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश घेऊन हवाई अंतर काढलं: साधारण २,२७० किलोमीटर. नकाशावर ही रेघ विशाखापट्टणम, भुवनेश्वर आणि कोलकात्याच्या जवळून जाते. जेट विमानाचा वेग ताशी ८३० किलोमीटर धरला, तर निव्वळ उड्डाण पावणेतीन तासांचं. चढणं, उतरणं आणि धावपट्टीपर्यंतची वाटचाल धरून सव्वातीन. पण आम्हाला हव्या त्या तारखांना थेट विमान नव्हतं. मग खरा प्रश्न उरला तो विमान कुठे बदलायचं हा.

तिकिटांच्या यादीत दिल्लीमार्गे जाणारे पर्याय बरेच दिसत होते. दिल्लीपर्यंत साधारण १,९५० किलोमीटर, तिथून गुवाहाटी १,४५० च्या आसपास. म्हणजे ३,४०० किलोमीटर, सरळ अंतराच्या दीडपट! बेंगळुरूमार्गे मात्र बेरीज जेमतेम २,२९० होते, कारण बेंगळुरू जवळजवळ वाटेवरच आहे. मी बेंगळुरू निवडलं. आडवळणाचा थांबा घेण्याआधी ही बेरीज प्रत्येकाने करावी, असं मला मनापासून वाटतं.

किलोमीटर आणि तास मात्र एका प्रमाणात वाढत नाहीत. कोइम्बतूर-बेंगळुरू हे जेमतेम २५० किलोमीटर, तरी तिकिटावर सुमारे एक तास. तिकिटावरची वेळ विमान जागेवरून हलल्यापासून दुसरीकडे जागेवर थांबेपर्यंतची असते. इतक्या छोट्या टप्प्यात बराचसा वेळ जमिनीवर आणि चढ-उतारातच जातो. पुढचं २,०४० किलोमीटरचं अंतर तीन तासांच्या आसपास.

दोन्ही विमानं एकाच पीएनआरवर घेतली. सामान थेट गुवाहाटीला गेलं, मध्ये पुन्हा चेक-इन नाही, आणि पहिलं विमान उशिरा पोचलं असतं तर पुढची सोय एअरलाइनकडे मागता आली असती. वेगवेगळी तिकिटं स्वस्त दिसली, तरी वयस्कर माणूस सोबत असताना मी ती घेणार नाही. व्हीलचेअर बुकिंग करतानाच मागितली होती. बेंगळुरूला अडीच तासांचा थांबा मुद्दाम ठेवला; बाबांना पाय मोकळे करता आले आणि औषधही वेळेवर घेता आलं.

डिसेंबरात जाणाऱ्यांनी आणखी एक पाहावं. घड्याळ दोन्हीकडे एकच, पण गुवाहाटी सुमारे साडेचौदा अंश पूर्वेला, त्यामुळे सूर्य तासभर पुढे असतो. संध्याकाळी पाचला उतरलात तर बाहेर अंधार असतो, म्हणून आम्ही दुपारी पोचणारं विमान घेतलं.

परतीला हिवाळी पश्चिमी वारे समोरून येतात, त्यामुळे तेच अंतर कापायला थोडा जास्त वेळ लागतो. म्हणून येतानाचा थांबा आम्ही आणखी तासभर मोठा घेतला.